खिळ्यावरची नळी

स्लेट लिक, केंटकी
९ मार्च १९७५

ऑर्विलदादा,

माझा नवरा गेल्यावर तू पाठवलेलं पत्र पोचलं, डुकराची खारवलेली तंगडीही पोचली, आणि मी दोन्हींची पोच दिली नाही. तीन महिने हातात पेन धरवत नव्हतं. आज धरलंय ते कामासाठी, तेव्हा फार हुरळून जाऊ नकोस.

एस्टिलचं पंचेचाळीसचं पिस्तूल माझ्याकडे आहे. मागच्या थँक्सगिव्हिंगला तू डेटनहून येऊन ज्याला नवी नळी बसवलीस, तेच. काडतुसं भरायचं त्याचं सगळं सामान अजून स्वयंपाकघरातल्या टेबलाला बोल्टने जखडलेलं आहे. एका टोकाला दाबयंत्र, दुसऱ्या टोकाला मी पीठ मळते. भरायला त्यानेच मला शिकवलं होतं, आणि मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण बारूद जोखण्यात माझा हात त्याच्यापेक्षा स्थिर आहे. तरीही माझी काडतुसं त्या पिस्तुलात नीट बसत नाहीत. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पुढे येते आणि पूर्ण मिटायच्या आधी, नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवून, थांबते. मग चाप ओढा नाहीतर देवाचं नाव घ्या, काही होत नाही. मागून तळव्याने हाणलं तर कधी मिटते, कधी नाही.

विकतची आणावीत, तर गावातला हार्डवेअरवाला खाणीच्या संपावरच्या घरांना काडतुसं विकत नाही. खिळे विकतो, शवपेटीला लागतात म्हणून असेल.

कशाला हवंय म्हणशील. कोंबड्यांच्या मागे कोल्हा लागलाय, आणि आता सापही निघतील.

तुझी,
व्हर्ना

डेटन, ओहायो
१४ मार्च

व्हर्नाबाई,

तीन महिन्यांनी बहिणीचं पत्र येतं, आणि त्यात कोल्हा. असो, जिवंत आहेस हे कळलं. इकडे दर शुक्रवारी कारखाना सुटला की खोऱ्यातली निम्मी माणसं गाड्या भरून गावाकडे पळतात, त्यांना मी तुझी खबर विचारतो आणि सगळे मान हलवून विषय बदलतात. खाणीचं छत एकाच माणसावर कसं कोसळलं, हेही मला कोणी धड सांगत नाही.

आता कामाचं. दोष पिस्तुलाचा नाही. नळीच्या मागच्या तोंडाशी काडतूस बसतं ते चेंबर मी माझ्या हाताने कापलंय, केसाएवढीही जागा जास्त ठेवलेली नाही. म्हणून तर त्यातून सुटलेल्या पाच गोळ्या पन्नास पावलांवर एका कपाच्या तोंडात बसतात. घट्ट चेंबर सासूसारखं असतं, सून जरा ऐसपैस झालेली त्याला खपत नाही.

पिस्तूल रिकामं कर, दोनदा बघ, मग खोलून नळी बाहेर काढ. ती तोंड खाली करून उभी धर आणि काडतूस वरून सोड. टप् आवाज करून पडलं, बोटाने गोल फिरलं, नळी उलटी केल्यावर आपसूक बाहेर आलं, तर पास. नाही पडलं तर त्याला काळ्या मार्करने रंगव, परत घाल, फिरव, काढ. जिथे रंग खरवडला असेल तिथे अडतंय. शिशाच्या गोळीच्या खांद्यावर खरवडला असेल तर गोळी फार वर राहिली. पितळी कवचाच्या काठावर खरवडला असेल तर काठ नीट आवळलेला नाही. पण रंग न बघता अंदाजाने गोळी आत ढकलत बसू नकोस. आतली जागा कमी झाली की बारुदाचा जोर वाढतो आणि पिस्तूल हातात फुटतं. आमच्या नेमबाजीच्या क्लबात एकाची दोन बोटं अशीच गेली, आणि त्यातलं एक आम्हाला तिसऱ्या दिवशी छतात रुतलेलं सापडलं.

काय दिसलं ते कळव.

ऑर्विल

स्लेट लिक
२६ मार्च

दादा,

उत्तराला उशीर झाला, कारण सोमवारी बर्ल हॅडिक्सच्या माणसांनी संपासाठी रस्ता अडवणाऱ्या आमच्या बायकांच्या पहाऱ्यावर ट्रक घातला. हॅडिक्स तुला माहीत आहे, पलीकडच्या खोऱ्यातला. आता कंपनीच्या बंदूकवाल्यांचा मुकादम झालाय. आम्ही अकराजणी खाणीच्या रस्त्यात उभ्या होतो. दहाजणी बाजूला झाल्या, मर्टलला होता आलं नाही. तिचं गुडघ्याखालचं हाड बाहेर आलं होतं, ते मी माझ्या एप्रनने बांधलं. ती ओरडत नव्हती, नुसती दात वाजवत होती. हॅडिक्स ट्रकच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "बायकांनो, रस्ता धुवून घ्या, घसरडा झालाय." त्यानंतर दोन रात्री घरावर गोळ्या आल्या. कपाटातली मोरंब्याची बरणी फुटली आणि भिंत अजून चिकट आहे.

तू सांगितलंस तसं केलं. रंग पितळेच्या काठावर खरवडला, सगळीकडून सारखा, अंगठी घातल्यासारखा. माझी वीस रंगवली, वीसही तशीच. एस्टिलने भरून ठेवलेली साठ उरली आहेत, त्यातली एकवीस नीट पडली, बाकीची लटकली.

एक मात्र कळत नाही. पिस्तुलाची जुनी फौजी नळी टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. एस्टिल प्रत्येक काडतूस तिच्यात टाकून बघायचा, दर वेळी पिस्तूल खोलायला नको म्हणून. तिच्यात माझी सगळी टपाटप पडतात, त्याचीही पडतात. आणि पिस्तुलात अडतात. त्याच्या हातातही तेव्हा ते असंच अडलं होतं. मग खरं मानायचं कुणाचं?

व्हर्ना

डेटन
१ एप्रिल

व्हर्ना,

मर्टलचं वाचलं. माझ्याकडे ये. वरची खोली रिकामी आहे, आणि ओहायोत पीठ मळता येत नाही असं काही नाही.

तुझं कोडं सोपं आहे. फौजेने ती जुनी नळी चिखल गेला तरी चालावी अशी सैल केलेली असते, तिला बादलीच म्हण. बादलीत काय, बटाटाही पडेल. बादलीत पास झालेलं काडतूस माझ्या चेंबरमध्ये बसेलच असं नाही. त्या नळीत तपासून बघायची अक्कल एस्टिलला कोणत्या गाढवाने शिकवली? काडतूस ज्या नळीतून उडणार त्याच नळीत तपासायचं असतं. दाबयंत्रातली शेवटची डाय, काठ आवळणारा साचा, पाव आटा खाली घे, म्हणजे काठ आवळला जाईल, आणि मग प्रत्येक काडतूस पिस्तुलाच्याच नळीत टाकून बघ. दुसरं काही करायला नको.

आता माझा प्रश्न. "त्याच्या हातात तेव्हा अडलं" असं तू लिहिलंस. तेव्हा म्हणजे केव्हा? छत कोसळताना माणूस पिस्तूल काढत नाही. मी तुझा थोरला भाऊ आहे, मला मूर्ख बनवू नकोस.

ऑर्विल

स्लेट लिक
१३ एप्रिल

दादा,

त्या गाढवाचं नाव विचारलंस, तर ते गाढव तू आहेस.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, याच टेबलावर. नवी नळी बसवून तू हात पुसत होतास. एस्टिल जुनी नळी भंगारात टाकणार होता, तर तू म्हणालास, "टाकू नकोस रे. टांगून ठेव. काडतुसं तपासायला बरी, सारखं पिस्तूल खोलायला नको." मी तेव्हा तुझ्यासाठी पायचा दुसरा तुकडा कापत होते. तुला आठवत नसेल, कारण तुझ्यासाठी ते जाताजाता बोललेलं वाक्य होतं. एस्टिलसाठी ते बायबल होतं. ऑर्विल म्हणाला म्हणजे झालं. त्याच संध्याकाळी त्याने खिळा ठोकला.

बारा डिसेंबरला आम्ही दोघं पुलावरून परत येत होतो. हॅडिक्सने पुलाच्या तोंडाशी ट्रक आडवा लावला होता. बरोबर तिघे होते. एस्टिलला म्हणाला, "उतर, बोलू." एस्टिल उतरला. त्यांच्यातल्या एकाने लोखंडी कांब उचलली तेव्हा एस्टिलने पिस्तूल काढून स्लाइड ओढली. ती पुढे आली आणि थांबली. त्याने चाप ओढला, काहीच नाही. त्याने मागून तळवा हाणला. एकदा, दोनदा. दादा, त्याने माझ्याकडे बघितलं, दुकानात पैसे कमी पडल्यावर माणूस बायकोकडे बघतो तसं. हॅडिक्स हसला आणि म्हणाला, "थांबतो मी. दुरुस्त कर सावकाश." आणि थांबला नाही. पहिली गोळी पोटात घातली. एस्टिल बसला. मग त्या कांबवाल्याने त्याच्या डोक्यात तीन घाव घातले. तिसऱ्या घावाचा आवाज ओल्या लाकडासारखा होता. मला चौथ्याने केसांना धरून ट्रकच्या दारावर दाबून ठेवलं होतं, तोंड तिकडे करून, दिसावं म्हणून. अडलेलं पिस्तूल त्यांनी तिथेच टाकलं, ते मी उचलून आणलं.

कंपनीच्या डॉक्टरने छत कोसळलं असं लिहिलं आणि प्रेत वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. शेरीफ हॅडिक्सचा मेहुणा लागतो. मीही तुला छतच खरं मानू दिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तुला त्या नळीचंही लिहावं लागलं असतं. तेव्हा तुझी दया आली. आता येत नाही.

कोल्हा नाही आणि सापही नाही. पंचवीस मेला थडगी सजवायचा रविवार. हॅडिक्सची आई आपल्याच टेकडीवर पुरलेली आहे, तो दर वर्षी येतो. त्या दिवशी टेकडीच्या फाटकाच्या आत कोणी हत्यार नेत नाही, आपल्या आज्यापासूनची रीत आहे. तो आपलं पिस्तूल ट्रकमध्ये ठेवून येईल. माझं टोपलीत असेल, बटाट्याच्या सॅलडखाली.

रीत मोडते आहे हे मला माहीत आहे. प्रवचन देऊ नकोस.

व्हर्ना

डेटन
९ मे

व्हर्ना,

तीन आठवडे लिहायला बसतो आणि उठतो. मला ते वाक्य आठवलं. पायही आठवला, पेकानचा होता. मी चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, अवजारं घडवण्यात काढली, इंचाच्या हजाराव्या भागासाठी पोरांचे कान उपटले, आणि माझ्या मेहुण्याला मी हात पुसता पुसता मारलं. याला दुसरा शब्द मला सापडला नाही.

एकदाच विचारतो. नाही जमणार का सोडून द्यायला? खुनाला केंटकीत आजही विजेची खुर्ची आहे, आणि बाई म्हणून कोणी सवलत देणार नाही.

जमणार नसेल तर निदान अडू नये. हे पत्र कारखान्यातल्या क्लेलच्या हाती देतोय, तो आज गावाकडे निघालाय. बरोबर पन्नास काडतुसं आहेत, मी भरलेली. तुझ्या पिस्तुलाच्या नळीबरोबर मी तिची जुळी माझ्यासाठी कापली होती. त्या जुळीत पन्नासही टाकून बघितली आहेत. तुझी बाजूला ठेव, हीच घाल. तुला तपासायची गरज नाही.

ऑर्विल

स्लेट लिक
१९ मे

ऑर्विल,

यापुढे दादा म्हणत नाही.

शेवटचं वाक्य लिहिलं नसतंस तर मी कदाचित तपासलीही नसती. पन्नासपैकी एकही पडलं नाही. मी रंगवून बघितली. काठ उघडा ठेवलायस, नजरेला कळणार नाही एवढाच, आणि पन्नासही अगदी एकसारखी. चुकून झालं असतं तर कमीजास्त झालं असतं. टूलरूमचा माणूस आहेस, खोटंही मापात करतोस.

मी हॅडिक्सच्या समोर उभी राहून तळवा हाणत बसावं, अशी तुझी इच्छा होती? एका घरातली दोन माणसं एकाच नळीने मारायची?

डाय पाव आटा खाली घेतली आणि सगळी पुन्हा दाबली. आता पन्नासही पडतात. तूच शिकवलंस, त्याबद्दल आभार. रविवारी सकाळी आठला टेकडीवर असेन. तुझ्याशी माझं बोलणं इथे संपलं.

व्हर्ना

जिल्हा तुरुंग, दवाखान्याची खोली
२९ मे

व्हर्ना,

माझा जबडा तारेने बांधलाय, म्हणून बोलता येत नाही. लिहिता येतं. तू भेटायला आली नाहीस, बरोबरच आहे, पण एवढं वाच.

ती काडतुसं मी तशी केली ती तू मरावंस म्हणून नाही. मला वाटलं, तू घरी एकदा भरून बघशील, अडेल, आणि तुझा रविवार चुकेल. पुढच्या वर्षीच्या रविवारपर्यंत मी काहीतरी करीन. तू ती तासाभरात दुरुस्त करशील हे डोक्यात आलं नाही. चाळीस वर्षांत माझ्या हाताखालच्या एकाही पोराने माझं एवढं नीट ऐकलं नव्हतं.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी गाडी काढली. रविवारी सातला मी टेकडीच्या फाटकाबाहेर, ओढ्याच्या कडेला उभा होतो. बाहेर, हे लक्षात ठेव. आत मी कधीच हत्यार नेलं नसतं.

हॅडिक्स पावणेआठला आला. आईसाठी कागदाची फुलं आणली होती. उतरून तो कमरेचं पिस्तूल काढून सीटवर ठेवत होता, तेव्हा मी त्याला हाक मारली. सांगितलं, मी एस्टिलचा मेहुणा. तो म्हणाला, "कोण एस्टिल?" खरंच आठवत नव्हतं त्याला. मग आठवलं आणि हसला. मी गोळी घातली. दहा पावलांवर, छातीच्या मधोमध. मी तीस वर्षं कागदावर नेम धरला. कागद पडतो. माणूस तुझ्याकडे चालत येतो. त्याने सीटवरचं पिस्तूल उचललं आणि माझा जबडा नेला. मी आणखी दोन घातल्या. तो माझ्याच अंगावर पडला आणि माझ्या शर्टाला धरून काहीतरी सांगायला लागला. ते ऐकू आलं नाही, नुसतं रक्त कानात गेलं. बराच वेळ तो मरत नव्हता. मला वाटत होतं, एकदाचा मर, आणि त्याच वेळी वाटत होतं, नको मरू.

वकील म्हणतो, त्याने आधी पिस्तूल उचललं असं सांग. मी पाटीवर लिहून दिलं की आधी मी. बहुतेक जन्मठेप होईल. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती फार लांब नसते.

मला एकच कळायला हवं. मी वेळेवर पोचलो का? तुझ्या हातून ते व्हायच्या आत? तेवढं कळलं की मला झोप लागेल.

ऑर्विल

स्लेट लिक
३ जून

(हे पत्र पोस्टात पडलं नाही. लिहिलं, दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं.)

दादा,

मी सात वाजायच्या आधीच टेकडीवर होते, मागच्या पायवाटेने चढून. टोपली घेऊन एस्टिलच्या थडग्याशी बसले होते. तिथे हॅडिक्सची बायको लॉटी आली. नवऱ्याच्या आधी चालत आली होती, सासूचं थडगं झाडायला. ती आमच्याकडे वळली. माझ्याकडे बघितलंही नाही. गुडघ्यावर बसली आणि एस्टिलच्या थडग्यावरचं गवत उपटायला लागली. तिच्या एका हाताची तीन बोटं वाकडी जुळलेली होती, मोडून परत नीट न बसवलेली. ती कोणी मोडली हे मला विचारावं लागलं नाही. तरीही ती त्याच हाताने गवत उपटत होती. सगळं साफ केलं, उठली, आणि "त्याने काय केलं, मला माहीत होतं," एवढंच म्हणाली. मग सासूच्या थडग्याकडे गेली.

हॅडिक्सची दया नाही आली, ती अजून येत नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर, रीतीच्या दिवशी, ती नुकती झाडून गेली त्या जागेवर, ते माझ्याच्याने होणार नव्हतं. मी टोपली उचलली, मागच्या उतारावर गेले, पिस्तुलातली काडतुसं काढली आणि पन्नासही ओढ्याच्या डोहात टाकली. शेवटची मूठ टाकून हात धुतला. हात धूत असतानाच फाटकाकडून पहिली गोळी ऐकली.

दादा, मी परत घरी चालले होते. तू कशासाठी मारलंस?

व्हर्ना

स्लेट लिक
३ जून

दादा,

तू वेळेवर पोचलास. मी टोपली घेऊन थडग्याशी बसले होते आणि पिस्तूल भरलेलं होतं. तो फाटकातून आत आला असता तर मी नक्की चाप ओढला असता, आणि आज तुझ्या जागी मी असते. आता झोप.

रविवारी एक ते तीन भेटीची वेळ आहे असं तुरुंगवाल्याने सांगितलं. क्लेल मला आणून सोडेल. सूप दोनदा गाळून आणते, म्हणजे नळकांडीने ओढताना अडकणार नाही. ती वरची खोली अजून रिकामी असेल तर निकाल लागेपर्यंत मी तुझ्या डेटनच्या घरी राहीन. कोणीतरी तिथे राहायला हवं.

तुझी, आणि तू वाचवलेली,
व्हर्ना